बोलविता धनी कोण?

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत गेल्या हिवाळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक व्याख्यान झालं. वक्ते तरुण, मागे पडद्यावर चित्रं, आणि समोर नेहमीचीच मंडळी: निवृत्त शिक्षक, बँकेतून सुटलेले, पुढच्या रांगेत मफलर गुंडाळलेले चार-पाच आजोबा. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर त्यांतले एक जण उठले. "या यंत्राला स्वतःची इच्छा असते का हो?" वक्ते म्हणाले, "नाही काका. आजवर जे वाचायला दिलं, त्याचे जे संस्कार झाले, त्यांच्या जोरावर ते पुढचा शब्द काढतं. बस्स." आजोबा म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की!" हशा पिकला. वक्तेही हसले आणि दुसऱ्या कुणाच्या वर गेलेल्या हाताकडे वळले.

मला वाटतं, त्या संध्याकाळचा खरा प्रश्न त्या हशात वाहून गेला.

यंत्राची भीती आता नवी राहिलेली नाही. मे २०२३ मध्ये जेफ्री हिंटन गूगलमधून बाहेर पडले आणि ज्या तंत्राचा पाया आपण घातला त्याचीच भीती वाटते, असं सांगू लागले. पुढच्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच मे महिन्याच्या अखेरीस शेकडो तज्ज्ञांनी सह्या केलेलं एक वाक्याचं निवेदन निघालं: यातून मानवजात नष्ट होण्याचा धोका महासाथी आणि अणुयुद्ध यांच्या जोडीने गंभीरपणे घ्या. आपल्याकडची भीती त्यामानाने घरगुती आहे. हिंजवडीतल्या मुलाची नोकरी टिकेल का, फोनवर ऐकू येतोय तो आवाज खरंच भाच्याचा आहे का. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक भीती आहे, ती कुठल्या निवेदनात सापडत नाही. आत कुणीही नसताना यंत्र कविता करतं, सांत्वन करतं, वाद घालतं; मग माझ्या आत जो कुणी बसलाय असं मी समजत आलो, तो नक्की काय काम करतो? आजोबांचा विनोद तिथे बोचतो.

धार्मिक माणसाला ही बोच जास्त लागावी, असं आपण धरून चालतो. धर्म म्हणजे आत्मा, आत्मा म्हणजे कर्ता, आणि कर्त्याला स्वातंत्र्य. यंत्र बोलू लागलं की ही उतरंड कोसळणार. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगलाही तसंच वाटलं असावं. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न मांडणाऱ्या १९५०च्या निबंधात त्याने आक्षेपांची जी यादी केली, तिच्यात पहिला मान धार्मिक आक्षेपाला दिला: विचार हे अमर आत्म्याचं काम, यंत्राला आत्मा कुठला? त्याचं उत्तर मिस्कील होतं. देव सर्वशक्तिमान असेल तर त्याला हवं तिथे आत्मा घालण्यापासून आपण कोण त्याला अडवणार? मुलं जन्माला घालताना आपण देवाचं काम हिरावून घेत नाही, तसंच यंत्र बनवतानाही नाही. आपण फक्त आत्म्यांसाठी घरं बांधतो.

ते असो. माझा मुद्दा निराळा आहे. माणूस स्वतंत्र आहे, हे धर्मांनी खरंच इतक्या ठामपणे सांगितलं होतं का? मला तरी तसं दिसत नाही.

गीतेचा अठरावा अध्याय काढा. एकसष्टावा श्लोक:

ईश्वरः सर्वभूतानां हृद्देशेऽर्जुन तिष्ठति ।
भ्रामयन्सर्वभूतानि यन्त्रारूढानि मायया ॥

यंत्रावर बसवलेली भूतं ईश्वर मायेने फिरवतो आहे. शंकराचार्यांनी भाष्यात याला लाकडी माणसांचा दृष्टान्त दिला आहे, म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचा. त्याच्या जरा आधीच कृष्ण अर्जुनाला सुनावतो की तू लढणार नाही म्हणतोस खरा, पण तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील. यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? तू बाहुली आहेस. आणि लगेच, अवघा एक श्लोक ओलांडून, त्रेसष्टावा: विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु. यावर पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल ते कर.

बाहुलीला कुणी "तुझ्या इच्छेला येईल ते कर" म्हणतं का? तर्कशास्त्राच्या मास्तरांनी हा पेपर नापास केला असता. टिळकांना ही अडचण दिसली होती. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं एक अख्खं प्रकरण त्यासाठी खर्ची घातलं. सहा वर्षांच्या शिक्षेवर गेलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस कोठडीत बसून आत्म्याच्या स्वातंत्र्याचा खल करतो, हे चित्र मला त्या प्रकरणातल्या युक्तिवादाइतकंच बोलकं वाटतं.

हा पेच एकट्या गीतेचा नाही. सगळं आधीच दिसलेलं आहे, तरीही निवडीची मोकळीक दिलेली आहे, असं ज्यू परंपरेत रब्बी अकिवाच्या नावावर नोंदलेलं आहे, आणि त्याची दोन टोकं जुळवण्याच्या फंदात तो पडत नाही. इस्लाममध्ये मुअतझिला पंथाचे विचारवंत म्हणाले की माणूस आपल्या कृत्यांचा कर्ता आहे, नाहीतर अल्लाहचा न्याय कसला? अशअरी पंथाने तोड काढली: कृत्य घडवतो अल्लाह, माणूस ते 'कमावतो', आणि जबाबदारी कमावणाऱ्याची. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५२५ साली, मुक्त इच्छेची बाजू मांडणाऱ्या इरॅस्मसला उत्तर देताना माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर आहे, असं लिहिलं. देव स्वार झाला तर देव म्हणेल तिकडे, सैतान स्वार झाला तर तो म्हणेल तिकडे. आणि आपल्या मातीत वाढलेला आजीवक हा नियतीवादी पंथ? त्याचा प्रमुख मक्खली गोसाल याने तर आडपडदाच ठेवला नाही. सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत उलगडत सूत संपेपर्यंत जातो, तसे मूर्ख आणि पंडित दोघेही ठरलेले फेरे पुरे करूनच सुटतात. त्याच्या मताचा बुद्धाने कडाडून विरोध केला.

तेव्हा माणूस यंत्र आहे ही शंका संगणकाने आणलेली नाही. धर्मांना ती आधीपासून ठाऊक होती. तिच्याशी त्यांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं: तू बांधलेला आहेस, आणि तरीही उत्तर तुलाच द्यायचं आहे, ही दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच तोंडाने म्हटली. विसंगती सोडवली नाही, सांभाळली.

का सांभाळली असेल? तुकोबा एकीकडे म्हणतात, 'ठेविले अनंते तैसेचि राहावे', आणि दुसरीकडे 'असाध्य ते साध्य करिता सायास'. लहानपणी निबंधात आम्ही दोन्ही ओळी वापरायचो, विषय 'समाधान' असेल तर पहिली, 'प्रयत्न' असेल तर दुसरी. त्यात लबाडी होती, पण अर्थही होता. पहिली ओळ मागे वळून पाहताना कामाची, दुसरी पुढे पाऊल टाकताना. माझं पीक गेलं, माणूस गेलं, तेव्हा मी दैव म्हणू शकतो. तो माझ्यापुरता मलम आहे. उद्या काय पेरायचं हे मात्र दैवाला विचारून चालत नाही.

घोटाळा होतो तो हा मलम दुसऱ्याच्या जखमेवर चोळला की. माझ्या दुःखाला मी नशीब म्हणणं वेगळं आणि मी दिलेल्या दुःखाला तुझं नशीब म्हणणं वेगळं. आपल्या समाजाने हा दुसरा उद्योग शतकानुशतकं केला. मागच्या जन्मीचं पाप म्हणून या जातीत आलास, भोग. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमकं इथे बोट ठेवलं: गरिबांच्या आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला किंवा समाजाला झटकून टाकता यावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू संभवत नाही. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. आज यंत्रबुद्धीबद्दल जे काही छापून येतं, त्यातल्या बहुतेकांपेक्षा हे एक निदान मला जास्त उपयोगाचं वाटतं.

कारण हे यंत्र करतं काय? मागचा विदा, म्हणजे साठवलेली माहिती, वाचतं आणि पुढचं भाकीत सांगतं. कर्ज फेडेल की बुडवील, पुन्हा गुन्हा करील की नाही, भत्ता मागणारा खरा की लबाड. मागे तुझ्यासारख्यांनी जे केलं, त्यावरून तू काय करशील ते ठरतं. याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, प्रारब्ध. फरक इतकाच की प्रारब्ध निदान ज्याच्या त्याच्या कर्माचं असतं. इथे शेजाऱ्याने हप्ते थकवले तर पिनकोडसकट तेही माझ्या खात्यावर चढतं. आमच्याकडे बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा करून पुढ्यात कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि कपाळी नशीब लिहून जाते. 'पाचवीला पुजलेलं' हा वाक्प्रचार तिथलाच. सटवाईचं अक्षर कुणाला वाचता येत नाही, हा तिचा मोठा उपकार होता. नव्या सटवाईचं लिहिलेलं बँकेला वाचता येतं, विमा कंपनीला वाचता येतं, वाचता येत नाही ते फक्त कपाळाच्या मालकाला.

याचं सर्वांत धडधडीत उदाहरण ज्या देशात घडलं, तो निवडायचा झाला असता तर एखाद्या पुराणिकानेही तोच निवडला असता: नेदरलँड्स.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात मुक्त इच्छेवरून शब्दशः मुडदे पडले. लायडनच्या विद्यापीठात आर्मिनियस आणि गोमारस हे दोन प्राध्यापक. गोमारसचं म्हणणं कडक कॅल्विनवादी: कोण तरणार आणि कोण बुडणार, हे देवाने सृष्टीच्याही आधी ठरवून ठेवलंय, माणसाच्या हाती काही नाही. आर्मिनियस म्हणे, देव हात पुढे करतो, पण तो धरायचा की झिडकारायचा हे माणसाकडे उरतं. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला, पण वाद राहिला आणि त्यात राजकारण मिसळलं. १६१८-१९ मध्ये डॉर्ड्रेख्ट शहरात मोठी धर्मसभा भरली, आर्मिनियसचे अनुयायी पाखंडी ठरले, त्यांच्या सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना कामावरून काढलं. त्यांना पाठीशी घालणारा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचा शिरच्छेद झाला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून पुढे गाजलेला ह्यूगो ग्रोशियस जन्मठेपेवर गेला आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून किल्ल्यातून निसटला. (पुस्तकांनी माणसाचा जीव वाचवल्याचं इतकं रोकडं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.)

चारशे वर्षांनंतर त्याच देशाच्या कर खात्याने पाळणाघराच्या भत्त्यासाठी एक यंत्रणा लावली. अर्जदार लबाडी करण्याची शक्यता किती, याचे ती गुण देई. २०१३ पासून ती चालू होती, आणि अर्जदार डच नागरिक नसणं हा तिच्या लेखी धोका वाढवणारा घटक होता. ज्यांचे गुण जास्त, त्यांची फाईल तपासायला माणूस होता, अगदी कागदोपत्री. पण गुण का वाढले हे त्या माणसाला सांगितलेलंच नसे. त्याच्या पुढ्यात एक आकडा यायचा आणि तो संशयाने अर्ज चाळायचा. एखादी सही राहिली, किरकोळ चूक सापडली की आजवर दिलेला सगळा भत्ता परत करा. हजारो कुटुंबांवर लाखो रुपयांच्या मोलाची वसुली निघाली. घरं गेली, संसार मोडले, हजाराहून अधिक मुलं सरकारी ताब्यात गेली. डिसेंबर २०२० मध्ये संसदेच्या चौकशी समितीचा अहवाल आला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

कोण तरणार, कोण बुडणार, हे आधीच ठरलेलं. कारण विचारायचं नाही. पुण्य करून निकाल बदलत नाही. गोमारसला यात काही परकं वाटलं नसतं. फक्त त्याच्या जगात ठरवणारा देव होता, आणि देवाला निदान दयेची प्रार्थना करता येत असे. या कचेरीत प्रत्येक जण फक्त पुढच्या टेबलाकडे बोट दाखवत होता.

त्या यंत्राला इच्छा नव्हती. ते बंड करून उठलं नव्हतं. भीतीच्या चित्रपटात यंत्र माणसाचं ऐकेनासं होतं. इथे यंत्राने जे सांगितलं ते माणसांनी निमूट ऐकलं.

आता तुकोबांकडे परत जातो. 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा कृपावंत वाचा त्याची ॥ साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाचि ॥' या अभंगावरूनच 'बोलविता धनी' आपल्या बोलण्यात आला. गंमत अशी की २०२१ मध्ये पाश्चात्त्य संशोधकांच्या एका गाजलेल्या निबंधाने भाषेच्या या यंत्रांना पोपटाची उपमा दिली, आकडेमोडीने बोलणारे पोपट. आपल्याकडे साळुंकी चारशे वर्षांपासून तयार होती. पण तुकोबांची साळुंकी आणि कंपनीची साळुंकी यांत एक फरक आहे. शब्द माझे नाहीत म्हणणाऱ्या तुकोबांनीच त्या शब्दांची किंमत मोजली. वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा ते तेरा दिवस काठावर अन्नपाण्यावाचून बसले, अशी परंपरा सांगते. वाचा विठ्ठलाची, उपास तुकोबांचा. 'मी कर्ता नाही' हे वाक्य उच्चारायचा अधिकार ज्याला असतो, तो असा.

दुसऱ्या बाजूला कॅनडातलं एक प्रकरण बघा. आजी वारली म्हणून एक माणूस विमानाचं तिकीट काढत होता. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बोलक्या यंत्राने त्याला सांगितलं की पूर्ण भाड्याने तिकीट घ्या, सुतकातली सवलत नंतर मागता येईल. कंपनीच्या नियमांत तसं नव्हतं. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे गेलं, तेव्हा कंपनीने मांडलेली बाजू जवळपास अशी होती की हे यंत्र म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळी हस्ती आहे आणि आपल्या कृतीला ते स्वतः जबाबदार आहे. लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे झटकून टाकलं आणि भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ, हजार डॉलरच्याही आत. पण जरा थांबून पाहा. यंत्राला स्वतंत्र इच्छा असते, असा दावा कचेरीत जाऊन कुणी केला? साधूने नाही, तत्त्वज्ञाने नाही, विज्ञानकथा लिहिणाऱ्यानेही नाही. पैसे वाचवू पाहणाऱ्या कंपनीने केला.

म्हणून मला यंत्रात आत्मा आहे की नाही या चर्चेत रस कमी आणि संशय जास्त वाटतो. ती चर्चा जितकी रंगेल तितका धणी पडद्याआड सुखात राहील.

धर्माच्या बाजूने अलीकडे जे बोललं गेलं, त्यातलं एक मला नेमकं वाटलं. जून २०२४ मध्ये इटलीत जी-सात देशांच्या बैठकीत पोप फ्रान्सिस यांनी निवडणं आणि निर्णय घेणं यांत भेद केला. यंत्र अनेक पर्यायांतून एक निवडतं, हिशोबाने. माणूस निवडतोच, पण तो अंतःकरणाने निर्णयही घेऊ शकतो. कुठल्याही यंत्राने माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे ठरवू नये, असंही ते म्हणाले. बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वी त्याच दिशेने म्हटलं होतं, 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', हेतूलाच मी कर्म म्हणतो. या कसोटीवर यंत्र जे करतं ते कर्मच नाही. मग कर्म कुणाचं? हेतू ज्याचा त्याचं. यंत्र ज्याने लावलं, ज्याने त्याला कशाचे गुण द्यायचे ते सांगितलं, ज्याने निकालाखाली न वाचता सही केली.

यावर हिंटन यांच्यासारखे लोक म्हणतील की तुम्ही धोका लहान करून दाखवताय. यंत्राला इच्छा असायची गरजच नाही. दिलेलं काम तडीस नेताना ते असे मार्ग काढील की आवरता येणार नाही. हे मी नाकारत नाही. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९६४ सालीच हा इशारा दिला होता की यंत्र आपण मागितलेलं देतं, आपल्या मनातलं देत नाही. आपल्या पुराणिकांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. कुंभकर्ण इंद्रासन मागायला गेला, जीभ घसरली आणि निद्रासन पदरात पडलं. हिरण्यकशिपूने दिवस-रात्र, आत-बाहेर, माणूस-पशू अशी सगळी कलमं घालून पक्का करारनामा केला आणि उंबरठा विसरला. वर शब्दशः फळतो, हा आपल्या कथांचा कायदाच आहे. यंत्रावर बोलताना हमखास भस्मासुर आठवतो, तो मात्र आपण अर्धाच सांगतो. त्या कथेत वर कुणी दिला हे झाकलेलं नाही. देणारा शंकर, आणि मागे हात लागला तेव्हा पळायची पाळीही शंकरावरच आली. आजचा शंकर वर देऊन समभाग विकतो आणि पळायला आपल्याला लावतो.

मग करायचं काय? त्या श्लोकाकडे पुन्हा पाहा: विमृश्यैतदशेषेण. कृष्णाने अर्जुनाला मोकळं सोडलं ते सगळं सांगून झाल्यावर, काही राखून न ठेवता, विचाराला वेळ देऊन, आणि नाही म्हणायची वाट खुली ठेवून. अर्जुनाची इच्छा अंतिम सत्याच्या पातळीवर मुक्त होती का, हे तत्त्वज्ञांनी भांडत राहावं. पण व्यवहारात स्वातंत्र्य कशाने बनतं, याची यादी तिथे आहे. त्या डच कारकुनाकडे यातलं काहीही नव्हतं, म्हणून तो खुर्चीवर असून नसल्यासारखा होता. 'शेवटचा शब्द माणसाचाच' अशी ग्वाही आता प्रत्येक सरकार देतं. त्या माणसाला कारण माहीत आहे का, निकाल फिरवायचा अधिकार आहे का, आणि फिरवला तर त्याची बदली होत नाही ना, हे विचारल्याशिवाय त्या ग्वाहीला अर्थ नाही.

युरोपच्या विदा-संरक्षण कायद्यात कलम २२ आहे: निव्वळ यंत्राने घेतलेला, माणसावर गंभीर परिणाम करणारा निर्णय नाकारण्याचा हक्क. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असं स्वतंत्र कलम नाही. दरम्यान कामं पुढे गेली आहेत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलिसांसाठी यंत्रबुद्धी वापरायला 'मार्व्हल' नावाची सरकारी कंपनीच काढली. शेजारी तेलंगणात, घरी जाऊन खात्री न करता संगणकाच्या निकषांवर रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिका प्रत्यक्ष पुन्हा तपासा, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. गुन्हेगार लवकर सापडावा, खोटी शिधापत्रिका जावी, याला माझी ना नाही. पण कुणाचं धान्य थांबवणाऱ्या, कुणाला उचलणाऱ्या, कुणाचं कर्ज नाकारणाऱ्या प्रत्येक कागदाखाली एका माणसाचं नाव हवं, हुद्द्यासकट, आणि त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं कारण हवं. 'सिस्टीम घेत नाहीये' हे कारण नव्हे.

हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या मोठ्या आत्याबरोबर ऐकलं. आयुष्यभर शेतात खुरपं चालवलेली बाई. बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेलेल्या. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला, लागला नाही. पुसून ठेवला, लागला नाही. तिसऱ्यांदा दुकानदाराने त्याच्या रुमालाने तिचं बोट पुसलं, तरी नाही. मागे रांग चुळबुळ करू लागली. आत्या हात मागे घेत म्हणाली, "रेषाच राहिल्या न्हाईत तर नशीब कुठलं उमटायचं, जाऊ दे." तिने पिशवीची घडी घातलीही होती.

दुकानदाराने यंत्र बाजूला सरकवलं, गल्ल्याखालून एक वही काढली, तारीख टाकली, तिचं नाव लिहिलं, गहू-तांदळाचं वजन लिहिलं आणि खाली आपली सही केली. "परवा पुन्हा अंगठा लावायला या आत्या," तो म्हणाला. "कुणी काही विचारलंच तर माझं नाव सांगा." आणि माप भरायला वाकला.